हमी कोणाला?

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास गोवा, कर्नाटक आणि केरळ या राज्यांच्या मागोमाग महाराष्ट्र शासनानेही मे २०२५ मध्ये आपली संमती कळविली. ती कळविताना दोन अटी घातल्या. विलीनीकरणानंतरही या मार्गाचे ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे, ही पहिली. आणि महाराष्ट्राने भागभांडवल म्हणून दिलेले सुमारे ३९६ कोटी रुपये राज्यास परत मिळावेत, ही दुसरी. भागीदारी मोडल्याचे दस्तऐवज ज्यांनी पाहिले आहेत त्यांस या अटींचा अर्थ सांगावयास नको. बाहेर पडणारा भागीदार आपली रक्कम मागून घेतो आणि दुकानाच्या पाटीवर वडिलांचे नाव राहू द्या म्हणतो, तेव्हा त्या दुकानात पुढे कोणता माल येणार आणि गिऱ्हाइकाला कोणत्या भावाने मिळणार, याच्याशी त्याला कर्तव्य उरलेले नसते.

नाव राहिले तर आनंदच आहे, आणि पैसे सोडून द्यावेत असेही कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या मुलुखातून हा लोहमार्ग जातो त्या मुलुखाला या व्यवहारात काय मिळाले, असा प्रश्न विचारला तर त्या दोन अटींत उत्तर सापडत नाही. विलीनीकरण व्हावे की न व्हावे यावर सभा आणि पत्रके पुष्कळ झाली. खरा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे. मालक बदलताना नव्या मालकावर कोणती बंधने लिहून घेतली जाणार, हा तो प्रश्न. आणि तो कोणी विचारताना दिसत नाही.

जे सोडून देत आहोत ते काय होते, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत आणि त्यांच्यामागून मधु दंडवते यांनी ज्या रेल्वेचा सतत आग्रह धरला, ती साध्या मार्गाने होणार नव्हती हे उघड होते. सह्याद्रीच्या सोंडा समुद्राकडे धावतात, त्यांच्यामधून नद्या आणि खाड्या आडव्या येतात, पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो. दिव्याहून निघालेला रूळ १९६४ साली पनवेलला पोचला आणि रोह्याला पोचावयास १९८६ साल उजाडले. या गतीने मंगळूर गाठावयास किती पिढ्या लागल्या असत्या याचा हिशेब वाचकांनीच करावा. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना निराळी युक्ती निघाली. रेल्वे खात्याच्या वार्षिक तरतुदीची वाट न पाहता स्वतंत्र कंपनी काढावयाची, केंद्राने आणि लाभ घेणाऱ्या राज्यांनी भाग घ्यावयाचे आणि उरलेला पैसा रोखे विकून उभा करावयाचा. जुलै १९९० मध्ये कंपनी नोंदली गेली, ई. श्रीधरन तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि सप्टेंबरात रोह्याला कामाची पायाभरणी झाली.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गाचे सात विभाग पाडण्यात आले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभागावर एक मुख्य अभियंता बसविला, आणि डोंगराने उभा केलेला प्रश्न त्या डोंगराच्या पायथ्याशीच सोडविण्याचा अधिकार त्याला दिला. कागद दिल्लीला जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागली नाही. गाडी वेगाने धावावी म्हणून चढ दीडशेस एक याहून अधिक ठेवावयाचा नाही आणि वळणाची त्रिज्या सव्वा किलोमीटरहून कमी करावयाची नाही, असा दंडक घातला. त्यामुळे डोंगराला वळसा घालण्याची जुनी सोय बंद झाली. डोंगर फोडणे आणि खाडी ओलांडणे एवढेच मार्ग उरले. नव्वदांहून अधिक बोगदे झाले, त्यांची एकत्र लांबी सुमारे ८४ किलोमीटर. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर. तेथून जवळच पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरांहून लांब. कातळ फोडणे त्या मानाने सोपे गेले. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पाण्यासह आत येत राहिली, आणि पाच वर्षांत पुरा व्हावयाचा मार्ग संपूर्णपणे खुला होण्यास २६ जानेवारी १९९८ हा दिवस यावा लागला.

ही कामगिरी असामान्य होती यात वाद नाही. तिचे श्रेय अभियंत्यांच्या बुद्धीला जितके आहे तितकेच त्या संघटनेच्या रचनेलाही आहे, ही गोष्ट मात्र विसरली जाते. जमीन अवघड असेल तर अधिकार जमिनीजवळ असला पाहिजे, हा कोकण रेल्वेचा पहिला धडा. विलीनीकरणाच्या गडबडीत प्रथम बुडण्याचा संभव याच धड्याचा आहे.

मग महामंडळच राहू द्यावे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. कोकणी माणसाचा स्वाभिमान, कोकणची स्वतःची रेल्वे, अशी त्याची भाषा असते. या पक्षाने मूळ भागभांडवलाचे कोष्टक एकदा वाचावे. केंद्राकडे ५१ टक्के, महाराष्ट्राकडे २२, कर्नाटकाकडे १५, गोव्याकडे ६ आणि केरळकडे ६. आता मार्गाची लांबी पाहावी. महाराष्ट्रात सुमारे ३६१ किलोमीटर, कर्नाटकात २७३, गोव्यात १०५. केरळात एकही नाही. ज्या राज्यात या मार्गाचा एक रूळही नाही त्याचा हिस्सा गोव्याइतका आहे. केरळने यात काही गैर केले असे नाही. मुंबईचा रस्ता जवळ होणार हे त्याने ओळखले आणि त्याची किंमत मोजली. पण यावरून एवढे सिद्ध होते की हा मार्ग प्रारंभापासून कोकणातून जाणारा होता. कोकणासाठी तो कितपत होता हा प्रश्न कोणी लेखी सोडविलाच नाही.

आणि महामंडळाने आपला बोजा कोणावर टाकला? रोख्यांवर पैसा उभा केला की व्याज द्यावे लागते. ते ओघानेच आले. त्यासाठी प्रत्यक्ष अंतराहून चाळीस टक्के अधिक अंतर धरून प्रवाशाकडून भाडे घेण्याची पद्धत पडली. शंभर किलोमीटर जावयाचे आणि एकशे चाळीसचे पैसे द्यावयाचे! देशातील दुर्गम भागाला मार्ग दिला म्हणून त्या भागानेच अधिक दाम मोजावे, हा न्याय इतर किती ठिकाणी लावला गेला? भांडवलाच्या ओढाताणीमुळे मार्ग एकेरीच राहिला. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ साली दुहेरी झाला. २०२२ साली सबंध मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. उरलेल्या बहुतेक वाटेवर समोरून गाडी आली की दुसरीने स्थानकात उभे राहावयाचे, आणि उभे राहण्याचा मान बहुधा गावच्या पॅसेंजर गाडीला. महामंडळाची तिजोरी एवढे मोठे दुहेरीकरण पेलू शकत नाही. म्हणून विलीनीकरणाला तत्त्वतः विरोध करण्यात मला हशील दिसत नाही. स्वाभिमानाने बोगदे दुरुस्त होत नाहीत.

परंतु दुसरा पक्ष याहून भोळा आहे. एकदा भारतीय रेल्वेत गेलो की पैसा आपोआप वाहू लागेल, असे तो समजतो. त्याने याच प्रदेशातील जुन्या लोहमार्गाकडे पाहावे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि त्याच्या पोटी मुरगाव बंदरापासून कुळे मार्गे ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली. ती बांधणाऱ्या लंडनच्या कंपनीच्या नावातच ‘हमी’ हा शब्द होता. कंपनीला तोटा आला तरी भागधारकांना ठरलेला लाभांश पोर्तुगालच्या तिजोरीतून मिळेल, अशी ती हमी होती. तोटा आला, आणि हमीप्रमाणे पैसे दिलेही गेले. दूधसागराच्या कुशीतून जाणाऱ्या त्या मार्गासाठी ज्यांचे रान आणि ज्यांच्या वाटा गेल्या त्या सांगे महालातील माणसांना कोणी कसली हमी दिल्याचे दिसत नाही. १९९० साली रोखेधारकांना व्याजाची हमी मिळाली. २०२५ साली राज्याच्या तिजोरीला मुद्दलाची हमी मागण्यात आली. जवळजवळ दीडशे वर्षांत तीन करार, आणि तिन्हींत रुळालगतचा माणूस अनुपस्थित!

कायदा त्याच्या साहाय्याला येईल असे कोणास वाटत असेल तर तेही तपासावे. रेल्वे अधिनियम, १९८९ यातील कलम ११ रेल्वे प्रशासनाला डोंगर, नदी, रस्ता, ओढा यांच्यावरून वा खालून कामे करण्याचा अधिकार देते, आणि तो अधिकार इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी आहे, असे बजावते. अपवाद त्याच अधिनियमाचा आणि भूसंपादनाच्या कायद्याचा. गोव्यातील खाजन जमिनींचे, तिसवाडी-साष्टीच्या वस्त्यांचे आणि जलनिस्सारणाचे प्रश्न घेऊन गोवा फाउंडेशन ही संस्था उच्च न्यायालयात गेली, तेव्हा १९९२ साली न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन अर्ज फेटाळला. निर्णय कायद्याच्या शब्दाला धरून होता असे मानले, तरी त्या शब्दातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे: रेल्वेचा अधिकार विस्तीर्ण आहे. तिचे कर्तव्य मात्र शोधावे लागते. अमुक गावी गाडी थांबावी, अमुक मार्ग दुहेरी व्हावा, अमुक दरडीची पाहणी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी, असा हक्क कोणत्याही वस्तीला देणारे कलम त्या अधिनियमात नाही. प्रवाशाला निःसंदिग्ध हक्क मिळतो तो कलम १२४ खाली, कोणाचा दोष आहे हे सिद्ध न करता नुकसानभरपाई मागण्याचा. पण तो अपघात घडल्यानंतर.

आणि या मार्गावर ते कलम पुस्तकात पडून राहिलेले नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. पुरते वर्षही उलटले नव्हते तोच, जून २००४ मध्ये, मत्स्यगंधा एक्स्प्रेस महाडच्या बाजूला पुलावर रुळांतील दगडांमुळे घसरली. त्यानंतर पावसाळ्यात वेग कमी करणे, उतार कमी करणे, जाळ्या लावणे, रात्रंदिवस गस्त घालणे, ही कामे निष्ठेने झाली, हे मान्य केले पाहिजे. भर पावसात कंदील घेऊन रुळावरून चालणाऱ्या गस्तवाल्यांवर ही रेल्वे उभी आहे. तरी ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरून वाहतूक थांबली, आणि त्याच आठवड्यात खेडजवळ दरड आली. हा डोंगर एकदा जिंकला की कायमचा जिंकला, असा नाही. दर जूनमध्ये त्याच्याशी नवा करार करावा लागतो, आणि तो करार करणारा अधिकारी तेथे राहणारा असावा लागतो.

म्हणूनच विलीनीकरणात हा मार्ग तुकडे करून वाटून दिला जाण्याची भीती मला सर्वांत मोठी वाटते. ती निराधार नाही. गोव्यातच पाहा: मडगाव, करमळी, थिवी ही स्थानके कोकण रेल्वेची, वास्को आणि कुळे ही हुबळीहून चालणाऱ्या नैर्ऋत्य रेल्वेची. मंगळूर शहराच्या परिसरात तर दक्षिण, नैर्ऋत्य आणि कोकण अशा तीन रेल्वेंच्या सीमा येऊन मिळतात, आणि तेथील प्रवाशांची तक्रार अशी की तिघांचेही शेवटचे टोक असल्यामुळे कोणाचेच लक्ष नाही. उद्या रोह्याकडचा भाग मुंबईला, मधला हुबळीला आणि खालचा चेन्नईला दिला, तर रत्नागिरी आणि कारवार ही जी ठिकाणे आज मार्गाचे मध्यभाग आहेत ती तिघांची टोके होतील. मोठ्या घरात सामावून जाणाऱ्याची खोली कोठे लागते हे आपण पाहिलेलेच आहे: १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ साली सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला, आणि एखाद्या प्रदेशाच्या रेल्वेवर संसदेत दिवसभर स्वतंत्र चर्चा होण्याचा प्रसंगही त्याबरोबर गेला.

येथवर एका मार्गाविषयी बोललो. आता जाळ्याविषयी. भोर घाटाच्या दक्षिणेस ब्रागांझा घाटापर्यंत सह्याद्री ओलांडणारा एकही लोहमार्ग नाही. आणि ब्रागांझा घाटानंतर थेट सकलेशपूर-सुब्रह्मण्यापर्यंत नाही. समुद्राकाठी एक दोर ताणला आहे, त्याला आडवे धागे नाहीत. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला आपला माल रुळावरून कोकणच्या बंदरात नेता येत नाही. सावंतवाडीच्या माणसाला बेळगावला रेल्वेने जावयाचे तर गोव्यात उतरून घाट चढावा लागतो. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग अर्थसंकल्पात आला, सर्वेक्षणात आला. जमिनीवर आला नाही.

याच्या उलट, जेथे मार्ग आहे तेथे काय चालले? ब्रागांझा घाटातील मार्ग दुहेरी करण्याचा प्रस्ताव मोठ्या वेगाने पुढे आला. बंदरातील कोळसा घाटावर नेण्यासाठी हा खटाटोप आहे, असा गोवेकरांचा आक्षेप होता. भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या या कामाला दिलेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. परिणामांचा पुरता अभ्यास करून पुन्हा यावे, एवढी मुभा ठेवली. न्यायालयाने नेमलेल्या समितीने जे दाखविले ते अभियंत्यालाही विचार करावयास लावणारे होते: सदतिसास एक अशा त्या तीव्र चढावर, जेथे गाडीला मागून इंजिने लावून रेटावे लागते, दुसरा रूळ टाकल्याने मार्गाची कार्यक्षमता अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. ज्या घाटात मार्ग वाढविल्याने हानी अधिक आणि लाभ थोडा, तेथे घाई; ज्या प्रदेशात मार्गच नाही, तेथे सर्वेक्षणावर सर्वेक्षण. दुरून आखणारा माल पाहून आखतो, हाच याचा अर्थ.

यावर असे सांगण्यात येते की अटी घालीत बसलो तर केंद्र हात आखडता घेईल. मला हे पटत नाही. मुंबई आणि केरळ यांना जोडणारा हा आज देशाचा मुख्य मार्ग झाला आहे; त्याची गरज एकट्या कोकणाला नाही. गरज दोन्ही बाजूंना असते तेव्हाच करार होतो. गरज संपल्यावर अर्ज होतात. राज्यांचे प्रतिनिधी महामंडळाच्या संचालक मंडळावर बसतात, हा त्यांच्या हातातील एकमेव अधिकार. तो एकदाच विकता येतो. विकण्यापूर्वी किंमत ठरवावी लागते, आणि ती किंमत रुपयांत ठरविली तर ती तिजोरीत जाते आणि विसरली जाते.

मग अटी कोणत्या असाव्यात? रोहा ते ठोकूर हा मार्ग अखंड एका प्रशासनाखाली राहावा आणि त्याचे मुख्य ठाणे याच मार्गावर असावे. पावसाळी सुरक्षेसाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि प्रत्येक धोक्याच्या उताराचा व बोगद्याचा अहवाल मे महिन्यापूर्वी लोकांपुढे यावा. दुहेरीकरणाचा टप्पेवार कालक्रम लेखी असावा, आणि कलम ११ चा आसरा न घेता खाजन, पाणी आणि रान यांचा अभ्यास करण्याचे बंधन रेल्वेने करारानेच पत्करावे. भाडे प्रत्यक्ष अंतराचेच घ्यावे. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांच्या जमिनी या मार्गात गेल्या; त्यांना नोकरीत प्राधान्याचे जे शब्द दिले गेले त्यांचा हिशेब विलीनीकरणापूर्वी पुरा व्हावा. आणि परत मिळणारे ३९६ कोटी राज्याने आपल्या सर्वसाधारण खर्चात न मिसळता या मार्गाला घाटमाथ्याशी जोडण्याच्या कामी बांधून ठेवावेत. महाराष्ट्राने एवढे केले तर त्याच्या दुसऱ्या अटीला अर्थ येईल.

हे सारे मुख्यमंत्र्यांच्या पत्रात असून भागणार नाही. पत्र ही विनंती असते. मंत्री बदलला की तिचे वजनही बदलते. केंद्र आणि चारही राज्ये यांच्यामध्ये रीतसर करारनामा व्हावा, तो त्या त्या विधानसभेपुढे ठेवला जावा. तसा करार झाला आणि मोडला, तर संविधानाच्या अनुच्छेद १३१ प्रमाणे राज्याला थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावता येतो. संमतीपत्राच्या बळावर काय लावता येते? फार तर स्मरणपत्र.

नाव राहावे म्हणून आग्रह धरणाऱ्यांस माझे एवढेच सांगणे आहे. स्थानकावरच्या पाटीवर ‘कोकण’ हा शब्द राहील. त्याला कोणी हात लावणार नाही, कारण त्याला खर्च येत नाही. ज्याला खर्च येतो ते लिहून घ्या. लंडनच्या भागधारकांनी आपली हमी आधी लिहून घेतली आणि मग घाटात सुरुंग लागले. रोखेधारकांनी व्याजाचा दर आधी वाचला आणि मग पैसे दिले. चाळीस टक्के जादा भाडे देऊन, दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून याच गाडीने येणारा-जाणारा माणूस त्यांच्याहून अधिक भोळा का असावा, आणि त्याच्या वतीने सही करणाऱ्यांनी तरी का असावे?